राडिशाच्या अंगणातला पाऊस

याव्होर्ये गावात आपल्यासारखा दुसरा माणूस नाही, असं राडिशा स्वतःच सांगतो, आणि आयुष्यात एवढ्या एकाच बाबतीत तो खरं बोलतो. त्याचं घर तीन मजली आहे. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, जिन्याला संगमरवरी कठडा. वरचे दोन मजले दोन मुलांसाठी. थोरला ऑस्ट्रियात ट्रक चालवतो आणि वर्षातून आठवडाभर येतो. धाकटा म्हणतो, शाळा संपली की मीही चाललो. त्या वरच्या खोल्यांतल्या गाद्यांवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. राडिशा, त्याची बायको आणि म्हातारी आई तिघं मागच्या पडवीतल्या स्वयंपाकघरात राहतात, म्हणजे वरची फरशी खराब व्हायला नको. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच, आणि वासे मोजायचे असतील तर राडिशा स्वतः हाताला धरून वर नेतो आणि जिन्याखाली बूट काढायला लावतो.

माझ्या आईचं घर त्याच्या शेजारी. पहिलीपासून आम्ही एका वर्गात होतो. त्याची एक सवय तेव्हापासून मला पाठ आहे. खरं बोलताना तो नुसता बोलतो. खोटं बोलताना कुणी न विचारता आईची शप्पथ घेतो. खडू कुणी चोरला, काच कुणी फोडली, प्रत्येक वेळी आईची शप्पथ. आमच्या बाई म्हणायच्या, या पोराच्या शपथा खऱ्या झाल्या असत्या तर त्याची आई पहिलीतच दहा वेळा गेली असती. त्याची आई आज ऐंशीची आहे आणि अजून पावटे निवडते.

मी जिल्ह्याच्या गावी हवामान केंद्रात काम करते. माझं काम म्हणजे पाऊस किती पडतोय याचा नकाशा. ऐकायला सोपं वाटतं, तसं ते नाही. रडार साठ किलोमीटरवर एका टेकडीवर बसलंय. त्याचा किरण सरळ जातो, आणि मधे ओस्त्रिकाचा डोंगर आडवा आहे. त्यामुळे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला जसे आपल्या दोरीवरचे कपडे दिसतात पण अंगणातला चिखल दिसत नाही, तसं रडारला आमच्या खोऱ्याचं फक्त वरचं आभाळ दिसतं. उपग्रह वरून बघतो. त्याला ढगांचे माथे दिसतात. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच ढगाखाली पाऊस असणार, असा त्याचा अंदाज. पण ढग वरती पसरतो फार, आणि पाऊस पडतो एखाद्याच कोपऱ्यात. एकाला खालचं दिसत नाही, दुसऱ्याला आतलं दिसत नाही. दोघांचं म्हणणं एकत्र करून जो नकाशा निघतो तो त्या दोघांपेक्षा शहाणा असतो, हे मात्र खरं. आणि जिथं दोघांचं पटत नाही तिथं निवाडा जमिनीवरचा पर्जन्यमापक करतो. शेजारच्या खोऱ्यांत असे पाच-सहा आहेत, एक चुकला तर बाकीचे त्याला उघडा पाडतात. आमच्या खोऱ्यात एकच आहे. तो राडिशाच्या अंगणात आहे.

तो तिथं गेला कसा, तेही ऐका. चार वर्षांपूर्वी केंद्राची माणसं जागा बघायला येणार होती. मापकाला उघडी जागा लागते, जवळ झाड नको, छप्पर नको. माझ्या आईचं अंगण पसंत पडलं असतं, पण आम्ही गावात पोचेपर्यंत राडिशाने आपल्या बाजूला झुकलेलं माझ्या आईचं नाशपातीचं झाड बुंध्यातून कापून टाकलं होतं, म्हणजे त्याचं अंगण जास्त उघडं. वर कोकराचं मांस आणि राकिया दारूची बाटली टेबलावर मांडून तयार. आमचे साहेब जेवले. मापक त्याच्याकडे बसला, आणि निरीक्षकही तोच झाला.

तेव्हापासून राडिशाकडे पाऊस पडत नाही, राडिशा पाऊस देतो. खानावळीत बसून म्हणतो, "काल मी अकरा मिलिमीटर दिला." म्हणतो, उपग्रहाला आधी माझ्या अंगणात डोकवावं लागतं, मग तो तोंड उघडतो. रास्पबेरीवाले शेतकरी त्याला विचारतात, उद्या तोडणी करू का? त्याला घंटा कळत नाही, तरी तो डोळे बारीक करून ओस्त्रिकाकडे बघतो आणि काहीतरी ठोकून देतो. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याचं ऐकून दोघांची फळं झुडपावर सडली, तरी तिसरा विचारायला येतोच. मला त्या विचारणाऱ्यांचाही राग येतो.

आता त्या दिवसाचं सांगते. जुलैत संत पेत्राचा सण, उपास सुटतो, आणि त्याच दिवशी राडिशाच्या धाकट्याचा अठरावा वाढदिवस. आमच्याकडे पोरगं अठराचं झालं की बाप लग्नासारखा खर्च करतो. राडिशाने तर लग्नालाही लाज आणली. अख्ख्या अंगणावर पांढऱ्या प्लास्टिकचा मांडव, सळईवर सात कोकरं, कर्णेवाल्यांचा ताफा, आणि सहा वाजता राजधानीहून गाडीने एक गाणारी येणार. गावात सगळ्यांना तिचं नाव तोंडपाठ होतं. ती गाडी घळीतल्या एकमेव रस्त्याने, व्रेलित्सा नदीच्या काठाकाठाने येणार होती.

आणि मांडव अख्ख्या अंगणावर म्हणजे मापकावरही. राडिशाला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्याच्या बायकोने पाहिलं की हा उभा डबा, वर नरसाळं, दिसायला बरा दिसत नाही. म्हणून तिने त्याला रिबीन गुंडाळली आणि नरसाळ्यात लाल ग्लॅडिओलाच्या फुलांचा गुच्छ खोचला. राज्याचं पर्जन्यमापक यंत्र मांडवाखाली फुलदाणी होऊन उभं राहिलं, आणि पाहुणे त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी केंद्रात पाळीवर होते आणि मला पडद्यावर एवढंच दिसत होतं की याव्होर्येचा मापक शून्य सांगतोय.

तोडणीचे दिवस असल्यामुळे राडिशाकडे दक्षिणेकडून आलेले मजूर होते. दहा-बारा माणसं, एकाच गावची, दरवर्षी येणारी. त्यांची म्होरकी स्तानिका, पन्नाशीची, रुंद हाताची बाई. तिची सून रुमेना सातव्या महिन्यात, तरी तोडणीला आलेली. तीन मजली घर रिकामं असताना राडिशाने त्या सगळ्यांना आजोबांच्या पडक्या पाणचक्कीत ठेवलं होतं, नदीला लागून, उंबरा काठाच्याही खाली. सणाच्या दिवशी त्याने त्यांना ताकीद दिली की कुणी वर यायचं नाही, पाहुण्यांना फाटके कपडे दिसायला नकोत. फक्त स्तानिकाला भांडी घासायला वर बोलावलं होतं.

चारच्या सुमारास उपग्रहाच्या चित्रात ओस्त्रिकावर ढगाचा माथा उभा राहिला. पंधरा मिनिटांनी पुढचं चित्र आलं, तो अजून थंड आणि तिथंच. हलेना. रडार डोंगरावरून जेवढं दिसतं तेवढं दाखवत होतं, आणि तेवढंही भरपूर होतं. पण ढग वर भरलेला असला तरी खाली काय उतरतंय हे दोघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. निवाडा करायला मापक, आणि मापक म्हणतो शून्य. पुन्हा शून्य. दर वेळी संगणक त्या शून्याचा मान राखून नकाशावरचा पाऊस थोडा थोडा कापत चालला. खोऱ्यावर फिकट निळा रंग. फिकट निळा म्हणजे छत्री घेतली तर घेतली.

माझ्या शेजारी पाळीप्रमुख वेसेलिन. हा माणूस आयुष्यात कधी चुकला नाही, कारण त्याने कधी काही ठरवलंच नाही. तो म्हणाला, मापक शून्य आहे ना, मग विषय संपला. मी म्हटलं, मापक बिघडला असेल. तो म्हणाला, मग फोन करून विचार.

मी राडिशाला फोन लावला. कितीतरी वेळ वाजल्यावर त्याने उचलला. मागे कर्णे इतके कोकलत होते की दुसरं काही ऐकू येईना. थोड्या वेळाने आवाज कमी झाला, तो बाहेर कुठंतरी आला असावा.

मी विचारलं, "राडिशा, तुझ्याकडे पाऊस किती आहे?"

"पाऊस? कुठला पाऊस, ल्युबे? थेंब नाही. ऊन पडलंय."

"मापकाला काही झालंय का?"

"अगं, त्याला मी मुलासारखं जपतो. कोरडं ठणठणीत आहे सगळं, आईची शप्पथ." आणि लगेच, "तू रस्ता-बिस्ता बंद करायला सांगू नकोस हां. सहा वाजता गाडी यायचीय. तू पण ये की, सख्खी बहीण मानतो मी तुला."

मी फोन ठेवला. वेसेलिनने भुवया उंचावल्या. मी सांगितलं की निरीक्षक म्हणतो कोरडं आहे. तो म्हणाला, झालं तर मग, आणि कॉफी प्यायला वळला.

मी पडद्याकडे बघत बसले. रडारला त्या खोऱ्याचं अर्धं दिसत होतं, उपग्रहाला पाव. पण राडिशा मला पूर्ण दिसत होता. मी त्याला शप्पथ मागितली नव्हती. रस्त्याचं नावही मी काढलं नव्हतं, ते त्यानेच काढलं. चाळीस वर्षं ज्या माणसाचा मी तिरस्कार केला, त्याच्याइतकं विश्वासाचं माप माझ्याकडे दुसरं नव्हतं. राडिशा म्हणतो थेंब नाही, म्हणजे तिथं कोसळतोय.

मी नकाशातून याव्होर्येचा मापक काढून टाकला. एका क्लिकचं काम. संगणकाने रडार आणि उपग्रह दोघांचंच धरून पुन्हा हिशेब केला आणि खोऱ्यावर जांभळा, म्हणजे सगळ्यात मोठ्या पावसाचा रंग आला, जो मी प्रशिक्षण सोडून कधी पाहिला नव्हता. वेसेलिन कप खाली ठेवून म्हणाला, "निरीक्षकाने स्वतः सांगितलंय. तोडणीच्या दिवसांत रस्ता बंद केलास तर अख्खा तालुका आपल्या नावाने बोंब मारेल. कशाच्या जोरावर करतेयस?"

"मी त्याला पहिलीपासून ओळखते," मी म्हटलं.

"हे कागदावर लिहिणार?"

"सही माझी आहे. तू कॉफी पी."

इशारा गेला. पोलिसांनी घळीचा रस्ता बंद केला, गाणारीची गाडी तोंडावरूनच परत फिरली. अग्निशमनवाले नदीकाठची घरं रिकामी करत पाणचक्कीपर्यंत गेले. तिथं कुणी राहत असेल हे त्यांच्या यादीत नव्हतं. दारातून पाणी आत यायला लागलं होतं आणि मजूर गाठोडी उचलून वरच्या फळ्यांवर चढून बसले होते. रुमेनाला दोघांनी खांद्यावरून काठावर आणलं. बाकीचे दोर धरून आले. शेवटचा माणूस वर आल्यावर थोड्याच वेळात नदीने चक्कीची भिंत नेली, मग दुसरी. सकाळी तिथं नुसते दगड होते.

राडिशाने त्या संध्याकाळी मला फोन करून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. गाणारी गेली, पाहुणे गेले, मांडव पाण्याने फुगून कोसळला आणि कोकरं चिखलात पडली, सगळं माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी टीव्हीवाले आले. राडिशाने तोपर्यंत दाढी केली होती. त्यांच्यासमोर त्याने काय सांगितलं असेल? की माझं मापक, माझी नजर, मी ताबडतोब केंद्राशी बोललो, आणि लगेच इशारा निघाला. फोनची नोंद खरी होती. इशारा त्याच्यानंतरच निघाला होता. कोण कुणाशी काय बोललं हे नोंदीत नसतं. महिनाभरात नगराध्यक्षांनी त्याला सभागृहात बोलावून मानपत्र दिलं, आणि ते त्याने फाटकावरच्या एका सिंहाच्या पाठीमागे भिंतीत बसवलं.

मी गप्प बसले नाही. साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं, ग्लॅडिओलासकट. साहेब म्हणाले, ल्युबिंका, माणसं वाचली ना? यंत्रणेचं नाव झालं ना? मग राज्याच्या मापकात फुलं होती हे जगाला कशाला सांगायचं? वेसेलिनने मान डोलावली. त्याचंही नाव अहवालात आलं होतं, पाळीप्रमुख म्हणून. एकाने खोटं बोलून मान मिळवला आणि दोघांनी गप्प बसून. कोण जास्त हलकट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शरद ऋतूत मला स्तानिकाचा निरोप आला. रुमेनाला मुलगा झालाय, याव्होर्येच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा आहे, याच. आणि कुम आहे राडिशा.

ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुम म्हणजे आमच्यात सख्ख्या भावाच्या वरचा. तो मुलाला हातावर धरतो, मुलाच्या वतीने देवाला शब्द देतो, मुलाचं नाव ठेवतो. दोन घरं त्या दिवसापासून बांधली जातात. भावाशी भांडलेला माणूस गावात तोंड दाखवू शकतो, कुमाशी वाईट वागलेला दाखवू शकत नाही. त्याच्या घरचं पाणीसुद्धा मग कुणी पीत नाही. आणि या बाईने तो मान कुणाला दिला, तर ज्याने गाण्यासाठी तिच्या सुनेला नदीच्या तोंडात ठेवलं त्याला. मी ठरवलं, आज हिला सांगायचंच.

चर्चच्या आवारात मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, स्तानिका, त्याने तुम्हाला वाचवलं नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला थेंबही नाही.

ती डोक्यावरचा रुमाल नीट करत होती. म्हणाली, "माहितीय, ताई. मी तिथंच होते."

"कुठं?"

"पागोळीखाली, भांडी घासत. तो मांडवातून बाहेर येऊन माझ्याच शेजारी उभा राहिला. पाऊस असा की पन्हाळीचं पाणी माझ्या टोपात पडत होतं. आणि हा फोनवर म्हणतो, ऊन पडलंय. मला वाटलं कुणा पाहुणीशी काहीतरी थाप मारतोय. मोठ्या लोकांचं आपल्याला काय कळतं. खाली पाणी चढतंय हे माहीत असतं, तर तोच टोप त्याच्या डोक्यात घातला असता."

"मग हा कुम कशाला?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी बाप्तिस्मा होऊ द्या."

आत गेलो. पाद्रीबाबांनी कुमाला पश्चिमेकडे तोंड करायला लावलं आणि विचारलं, सैतानाचा, त्याच्या कामांचा आणि त्याच्या खोटेपणाचा त्याग करतोस का? राडिशा पोराला हातावर घेऊन, नवा कोट घालून, मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, करतो. तीनदा विचारलं, तीनदा करतो. मग सैतानावर थुंक म्हटल्यावर तो असा थुंकला की पुढच्या म्हातारीने पाय मागे घेतला. मुलाचं नाव त्याने राडिशा ठेवलं. दुसरं काय ठेवणार. स्तानिकाने पापणीही हलवली नाही.

जेवण त्याच्याच अंगणात होतं. अर्धं गाव आलं होतं, नगराध्यक्षही. चार घोट पोटात गेल्यावर राडिशा उभा राहिला आणि त्याने भाषण ठोकलं. आता हे माझं रक्त आहे, म्हणाला, माझ्या कुमांना काही कमी पडणार नाही, मागा काय हवं ते. टाळ्या पडल्या. तो टाळ्या ऐकत उभा राहिला, हे त्याला सगळ्यात छान जमतं.

स्तानिका बसल्या जागेवरूनच बोलली. आवाज चढवला नाही. पण बाई मजूर आहे, मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय.

"कुम, तुमच्या जिवावर आहोत. दुसरं काही नको. आता चक्की राहिली नाही, पुढच्या तोडणीला वरच्या मजल्यावर जागा द्या. बाळ आहे. नदीपासून लांब असलेलं बरं." आणि ताटातला पाव तोडत म्हणाली, "त्या दिवशी थेंब नव्हता म्हणा, ऊनच होतं. तरी आपलं लांब बरं."

लोक हसले, त्यांना वाटलं बाईची काहीतरी थट्टा. राडिशा हसला नाही. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले होते. नगराध्यक्ष म्हणाले, वा, हे शोभलं आपल्या राडिशाला, आणि पुन्हा टाळ्या वाजल्या.

राडिशाने कमरेचा जुडगा काढला. वरच्या मजल्याची किल्ली कोणती हे त्याला पटकन सापडेना, इतक्या वर्षांत तिथं कुणी राहिलंच नव्हतं. सगळे बघत होते. शेवटी बायकोने त्याच्या हातातून जुडगा घेतला, किल्ली सोडवली आणि रुमेनाच्या हातात दिली. बाळ रुमेनाच्या खांद्यावर होतं. ती उठली आणि बूट न काढता जिना चढायला लागली.